गोधडी आणि ठिगळकामावर नक्षी उतरवणं : घरातल्या वस्तूंनी, कापड न बिघडवता

मराठवाड्यात गोधडी शिवणाऱ्या बायकांना रेघेची गरज फारशी पडत नाही. कडेपासून सुरू होऊन आत आत जाणारा धावदोरा नजरेच्या मापाने येतो आणि शेजारची टाक्यांची ओळ पाहून पुढची ओळ सरळ जाते. पण मधोमध कमळ बसवायचं असेल, पैठणीच्या पदरातला मोर कापडाचा कापून लावायचा असेल किंवा पोळ्यासाठी झुलीवर नाव घालायचं असेल, तर नजर पुरत नाही. तिथे नक्षी कागदावरून कापडावर उतरवावीच लागते.

त्यासाठी लागणारं जवळपास सगळं सामान घरात असतं: अंगाच्या साबणाची उरलेली चिपटी, मुलांची पाटीवरची पेन्सिल, फळ्याचा खडू, टाल्कम पावडर, जुन्या लग्नपत्रिका, बांगड्या, उदबत्ती. रेघ उठवायला यातली कुठलीही वस्तू चालते. खरी परीक्षा ती घालवताना होते. महिनाभर बसून शिवलेल्या गोधडीवर निळी रेघ कायमची राहिली, तर सुरेख टाकेसुद्धा तिच्याखाली हरवतात. म्हणून हातात काहीही घेतलं तरी आधी ठरवा, की शिवून झाल्यावर ही रेघ कशाने जाणार: झटकून, पाण्याने, की टाक्याखाली झाकून. उत्तर नसेल तर ती वस्तू बाजूला ठेवा.

आधी चिंधीवर पाहा

ज्या कापडावर काम करायचं, त्याचाच 6 इंचांचा चौकोनी तुकडा घ्या. दुसऱ्या कापडाची चिंधी चालणार नाही. सुती लुगड्यावरून निघणारी रेघ टेरिकॉटवरून निघेलच असं नाही. तुकड्यावर साबण, खडू, शिसपेन्सिल, जे वापरायचा विचार आहे त्या सगळ्याची एकेक रेघ ओढा आणि बाजूला टाक्याने खूण करून ठेवा, कारण पेनने लिहिलेलं नाव धुताना पसरतं. एक दिवस तसाच राहू द्या. मग अर्ध्या तुकड्यावर गरम इस्त्री फिरवा, अर्धा सोडा, आणि गोधडी ज्या पाण्यात धुवायची त्याच पाण्यात धुवा.

इस्त्रीचा अर्धा भाग मुद्दाम तपासायचा असतो. मेणाचा अंश असलेली रेघ उष्णतेने वितळून धाग्यात शिरते. शिंप्याच्या खडूंतही काही मेणाचे आणि काही मातीचे असतात. मेणाचा खडू नखाने खरवडला तर चिकट कपचा निघतो, मातीच्या खडूची पूड पडते. गोधडीसाठी पूड पडणारा घ्या.

कापडाची तयारी

नवं कापड धुतल्याशिवाय त्यावर नक्षी काढू नका. कांजी असलेलं कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि काढलेलं वर्तुळ लंबगोल होतं. लाल, मरून आणि गडद निळा रंग सुटतो का तेही तेव्हाच कळतं: ओलं कापड पांढऱ्या रुमालात पिळून बघा.

जुनेर कापडाची अडचण याच्या उलट. वापरून मऊ झालेलं लुगडं रेघ मारताना पेन्सिलीबरोबर ओढलं जातं, सरळ रेघ नागमोडी होते. त्याला हलकी खळ द्या. एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे साबुदाणा भिजवून, पारदर्शक होईपर्यंत शिजवून, गाळून घ्यायचा. भाताची पेज पातळ करून घेतली तरी तेच काम होतं. कापड त्यात बुडवून, पिळून, सावलीत सुकवा आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा. आता ते कागदासारखं ताठ राहील आणि कात्रीही नीट चालेल. मात्र काम संपल्यावर ही खळ धुऊन काढायलाच हवी. खळीचं कापड तसंच पेटीत ठेवलं, तर त्याला कसर लागते.

नक्षी कुठून घ्यावी, मोठी कशी करावी

आपल्या भागात नमुन्यांना तोटा नाही. पैठणीची आसावली वेल आणि बांगडी-मोर, अजिंठ्याच्या छतांवरची कमळं, हिमरू कापडातली फुलं, बीबी का मकबऱ्याच्या जाळ्यांतल्या भौमितिक आकृत्या. ठिगळकामासाठी मात्र नमुना सोपा करून घ्यावा लागतो. विणकर मोराचं एकेक पीस दाखवू शकतो. कापलेल्या कापडाची कड आत दुमडायची असल्यामुळे अर्ध्या इंचापेक्षा अरुंद भाग ठिगळात नीट बसत नाही. मान, चोच, देठ असे बारीक भाग कापडाचे न करता धाग्याने भरा. जाळीच्या आकृत्या धावदोऱ्यासाठी फार चांगल्या, कारण त्यांच्या रेघा अखंड जातात आणि सुई मध्येच थांबवावी लागत नाही.

मोठं करण्याचा सोपा मार्ग झेरॉक्सचा. ए-फोर कागद ए-थ्रीवर पूर्ण भरायचा तर 141 टक्के सांगा. लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट हव्या असतील तर 200 टक्के, आणि त्यासाठी चार ए-फोर जोडावे लागतात. झेरॉक्स नको असेल तर चौकटी पाडा: मूळ चित्रावर 1 सेंटीमीटरच्या, मोठ्या कागदावर 3 सेंटीमीटरच्या. रेघ चौकटीला जिथे छेदते तेवढे बिंदू उचलायचे आणि नंतर जोडायचे. ठिपक्यांच्या रांगोळीची सवय असलेल्या हाताला हे शिकवावं लागत नाही.

फिक्या कापडावर : काच आणि उजेड

पांढऱ्या, मोतिया, फिक्या पिवळ्या सुती कापडावर कुठलीही पूड-बिड लागत नाही. नक्षी कागदावर जाड काळ्या स्केचपेनने गिरवा, कागद खिडकीच्या काचेवर चिकटवा, त्यावर कापड ताणून चिकटवा आणि दिवसाच्या उजेडात दिसणारी रेघ पेन्सिलीने उतरवा. ऊन थेट डोळ्यांवर येणारी खिडकी नको. सकाळी पश्चिमेची, संध्याकाळी पूर्वेची घ्या. उभ्या काचेवर हात दुखतो, तेव्हा दोन डब्यांवर कपाटाची काच आडवी टेकवून खाली मोबाइलचा टॉर्च किंवा एलईडी दिवा ठेवा. जुना पिवळा बल्ब ठेवू नका, काच तापून तडकते.

पेन्सिल कठीण शिसाची, 2 एचची, चांगली टोकदार. नेहमीची एचबी ठसठशीत दिसते, पण तिचं मऊ शिस हाताच्या घामाने पसरून कापड करडं करतं आणि मग सहज जात नाही. दाब इतकाच, की हातभर अंतरावरून रेघ जेमतेम दिसावी. तुटक रेघ काढलीत तर आणखी बरं: प्रत्येक 5 मिलिमीटरला एक छोटी खूण टाक्याला पुरते.

गडद कापडावर : साबण आणि पाटीवरची पेन्सिल

मरून, काळं, गडद हिरवं, निळं कापड असेल तर साबणाची चिपटी सगळ्यांत भरवशाची. पांढरा साबण घ्या. तेल किंवा क्रीम जास्त असलेला, रंगीत किंवा गडद सुगंधी साबण कापडावर स्निग्ध डाग ठेवतो. वापरून पातळ झालेली चिपटी आठ-दहा दिवस कोरडी होऊ द्या. ओलसर साबण रेघ देत नाही, नुसता चिकटतो. मग सुरीने तिची कड तासून धारदार करा. या धारेने 1 मिलिमीटरची स्वच्छ पांढरी रेघ येते. धार चार-पाच वितींत बोथट होते, पुन्हा तासायची.

आता पाण्याबद्दल. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यातल्या क्षारांशी साबणाची गाठ पडली की फेस होण्याऐवजी पांढुरका साका तयार होतो आणि तो धाग्यांवर बसतो. धुतलेल्या काळ्या कापडावर जिथे रेघ होती तिथे करडी छटा दिसते ती याचीच. म्हणून साबणाच्या रेघेची गोधडी पहिल्यांदा धुण्याच्या पावडरीने धुवा, अंगाच्या किंवा कपड्याच्या वडीने नाही. पावडरीतल्या डिटर्जंटचा साका होत नाही. शेवटच्या बादलीत, साधारण 15 लिटर पाण्यात, दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर टाकलं की उरलेला साकाही सुटतो. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर यातलं काहीच करायला नको.

पाटीवरची पेन्सिल साबणाइतकीच उपयोगी, आणि बारीक कामात त्याच्याहून सरस. खडबडीत दगडावर किंवा फरशीच्या मागच्या बाजूवर घासून टोक काढा. रेघ करडी-पांढरी, बारीक येते आणि कोरड्या ब्रशने झटकली की निघते. पॉलिएस्टरच्या गुळगुळीत साडीवर मात्र ती टिकत नाही, घसरते. तिथे साबणच हवा.

रंगखडू आणि पांढरी रंगीत पेन्सिल या दोन्हींत मेण असतं. मुलांच्या दप्तरात सहज सापडतात म्हणून हात तिकडे जातो, पण नको.

घरचा कार्बन

टायपिंगचा निळा-काळा कार्बन कापडावर कधीही वापरू नका. त्यातली शाई तेल-मेणात कालवलेली असते. धुण्याने जात नाही आणि इस्त्रीने आणखी पक्की होते. त्याऐवजी घरी करा. नक्षीच्या बटर पेपरची मागची बाजू फळ्याच्या खडूने पूर्ण घासा, जादा पूड झटका, खडूची बाजू खाली करून कापडावर ठेवा आणि रिकाम्या झालेल्या बॉलपेनने वरून गिरवा. कापडाखाली काच किंवा गुळगुळीत फरशी हवी. सतरंजीवर ठेवून गिरवलं तर कागद फाटतो आणि रेघ उमटत नाही. वर्तमानपत्राचा कागद या कामाला घेऊ नका. छपाईची शाई फिक्या कापडाला लागते.

खाका : एकच नक्षी पुन्हा पुन्हा

एखादी नक्षी एकदाच हवी असेल तर वरचे प्रकार पुरतात. पण काठभर सोळा कोयऱ्या किंवा चार कोपऱ्यांत चार मोर हवे असतील तर खाका करा. जरीकाम आणि कशिदाकारी करणारे कारागीर नक्षी अशीच उतरवतात: कागदाला रेघेवरून भोकं पाडायची आणि त्यातून पूड खाली सोडायची. एक खाका नीट केला तर वर्षानुवर्षं चालतो.

कागद ट्रेसिंग पेपर किंवा स्वयंपाकघरातला बटर पेपर. नक्षी त्यावर गिरवून घ्या. हाताने भोकं पाडायची तर घडी घातलेल्या चादरीवर कागद ठेवा, मध्यम सुईचं नाकं बाटलीच्या बुचात खुपसून तिला मूठ करा आणि सुई सरळ उभी धरून टोचत जा. वळणावर 2 मिलिमीटरला एक भोक, सरळ भागात 3 ते 4 मिलिमीटरला एक. सुई तिरपी धरली की भोक लांबट होतं आणि पुडीचा ठिपका रेघेबाहेर पडतो. शिलाई मशीन असेल तर काम दहा मिनिटांचं: वरचा दोरा आणि बॉबिन काढून टाका, 14 किंवा 16 नंबरची जुनी सुई लावा, टाका 2 मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि रेघेवरून कागद फिरवा. सुई जुनीच घ्या, कागदाने धार मरते आणि ती नंतर कापडाचे धागे ओढते.

भोकं पाडून झाली की बऱ्याच जणी थेट पूड मारायला घेतात आणि कापडावर काहीच उमटत नाही. कारण सुई आत जाताना मागच्या बाजूला कागदाची कड वर उचलते. बोट फिरवलं तर ती खरखर जाणवते. ही उचललेली कड भोकावर पुन्हा झाकण घालते. त्यासाठी मागची बाजू झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने, जेमतेम दाब देऊन, गोल गोल घासा, खरखर जाईपर्यंत. मग कागद उजेडासमोर धरा: नक्षी उजेडाच्या ठिपक्यांनी अखंड दिसली पाहिजे. जिथे तुटते तिथे पुन्हा टोचा.

समोरासमोर तोंड केलेले मोर हवे असतील तर कागद मधोमध दुमडून दोन्ही थरांतून एकदम टोचा. उलगडल्यावर डावा-उजवा दोन्ही तयार, मापात तसूभर फरक नाही.

पूड कोणती? गडद कापडावर टाल्कम पावडर, फळ्याच्या खडूची पूड किंवा पांढरी रांगोळी. रांगोळी जाडसर असते, ती मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. रंगीत रांगोळी घेऊ नका, तिचा रंग सुटतो. फिक्या कापडावर खाक्याची गरज क्वचितच पडते, काच आहेच. तरीही लागला तर दालचिनीची अगदी बारीक पूड आणि टाल्कम सारख्या प्रमाणात. ही तपकिरी छटा झटकल्यावर जाते, तरी आधी चिंधीवर बघून घ्या. कोळशाची पूड आणि गेरू दोन्ही धाग्यात घुसून बसतात. हळदीचं तर नावच काढू नका: तिचा पिवळा डाग साबण लागला की लाल होतो. कुंकूही नको.

जुन्या पद्धतीत नीळ किंवा सफेदा, म्हणजे पांढरी रंगपूड, रॉकेलमध्ये कालवून त्याचा बोळा खाक्यावर फिरवतात. रॉकेल उडून जातं, रंग राहतो आणि रेघ पक्की येते. दुकानातल्या भरतकामाला ते ठीक, कारण तिथे रेघ टाक्याखाली पूर्ण झाकली जाते. धावदोऱ्यात दोन टाक्यांमध्ये कापड उघडं राहतं, तिथे निळी रेघ दिसते. शिवाय वास आणि आगीची भीती. घरी कोरडी पूडच बरी.

मलमलच्या दोन थरांत दोन चमचे पूड बांधून लिंबाएवढी पुरचुंडी करा. पंखा बंद करा. कापड टेबलावर ताणून कडांना चिकटपट्टी लावा, वर खाका ठेवा आणि त्याच्या कडांवर वाट्या उपड्या ठेवून तो दाबून ठेवा. पुरचुंडी रेघेवर ठपठप टेकवत न्या. घासायची नाही, घासल्याने पूड भोकांशेजारी सरकून ठिपके धूसर होतात. एक कोपरा हळूच उचलून उमटलंय का पाहा, मग खाका सरळ वर उचला. ठिपके साबणाने किंवा पाटीवरच्या पेन्सिलीने लगेच जोडा, मग फुंकरीने जादा पूड उडवा.

पावसाळ्यात पूड दमट होऊन गोळे धरते. तवा कोमट करून त्यावर तिला दोन मिनिटं फिरवा, थंड झाल्यावर बांधा.

लांब सरळ ओळी

गवंडी भिंतीवर सूत मारतो तसंच गोधडीवर मारता येतं. घट्ट सुती दोरा पांढऱ्या खडूवरून तीन-चारदा ओढून घ्या, फिक्या कापडासाठी फिका निळा खडू. दोघींनी दोन टोकं खुणांवर दाबून दोरा ताठ धरायचा, मधोमध चिमटीत दोन बोटं वर उचलून सोडायचा. 60 इंचांची सरळ रेघ एका क्षणात येते. दोन-तीन ओळींनी पुन्हा खडू लावा. सगळे थर जोडून कच्चा दोरा घातल्यावरही हे करता येतं, आणि रेघ फार टिकत नसल्यामुळे त्या दिवशी शिवायच्या तेवढ्याच ओळी माराव्यात.

तिरप्या चौकटींचा हिशेब बऱ्याचदा चुकतो. 45 गुणिले 60 इंचांच्या गोधडीवर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली, तर चौकटी शंकरपाळ्यासारख्या लांबट होतात. चौरस हव्या असतील तर चारही कडांवर 3-3 इंचांवर खुणा करा. 45 आणि 60 दोन्हींना तीनने पूर्ण भाग जातो, म्हणून मधे अर्धवट चौकट उरत नाही. एका कोपऱ्यापासून दोन्ही कडांवरची पहिली खूण पहिलीला, दुसरी दुसरीला जोडत जा; आखूड कड संपली की त्याच क्रमाने समोरच्या लांब कडेवर पुढे. मग शेजारच्या कोपऱ्यापासून उलट्या दिशेने. दोन ओळींतलं अंतर 3 इंच नाही, साधारण 2.1 इंच येतं. आत पातळ थर असेल तर हे अंतर छान, जाड गोधडीला कडेवर 5 इंच ठेवा. 45 आणि 60 ला पाचनेही भाग जातो.

ठिपक्यांची जाळी हवी असेल तर रांगोळीचा ठिपक्यांचा कागद करतात तसाच करा. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर 2 इंचांच्या चौकटी आखा आणि प्रत्येक छेदावर पेटत्या उदबत्तीचं टोक क्षणभर टेकवा. 3-4 मिलिमीटरचं गोल भोक पडतं, कडा जळून घट्ट झाल्यामुळे कागद फाटत नाही. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा. भोकांच्या कडेची काजळी जुन्या फडक्याने पुसल्याशिवाय कागद कापडावर ठेवू नका. मग पुरचुंडी फिरवली की ठिपके तयार.

खाकी चिकटपट्टी लावून तिच्या कडेने शिवण्याची पद्धतही आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना ती कापडावर रात्रभर राहू दिली तर गोंद कापडावर उतरतो आणि त्यावर धूळ बसून काळी पट्टी होते. लावली की तासाभरात काढा.

ठिगळाचे साचे : आठ पाकळ्यांचं कमळ

साच्यांसाठी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम. सोनेरी छपाईचा भाग टाळा, इस्त्रीने ती कापडावर उतरते. पुन्हा पुन्हा गिरवायचा साचा जुन्या एक्स-रे फिल्मचा करा. तिची कड झिजत नाही. मात्र फिल्मवर इस्त्री ठेवू नका, ती आकसते. साचा गिरवताना कापडाखाली पॉलिश पेपर ठेवला की कापड सरकत नाही.

आता कमळ. 10 इंचांचा चौकोनी कागद अर्धा, पुन्हा अर्धा आणि मग तिरपा दुमडा. मिळालेल्या त्रिकोणी घडीच्या टोकापासून, म्हणजे कागदाच्या मध्यापासून, घडीच्या बरोबर मधल्या रेघेवर 1 इंच आणि 4 इंचांवर खूण करा. या दोन खुणांमध्ये एक पाकळी काढा: 3 इंच लांब, मधोमध दीड इंच रुंद, बाहेरचं टोक निमुळतं. सगळे थर एकदम टोचून उलगडा. 8 इंच व्यासाच्या कमळाचा आराखडा खाक्यासह तयार. तो पायाच्या कापडावर उतरवा. ही रेघ ठिगळाखाली जाणार, तरी ठिगळाबाहेर डोकावणार नाही इतकी बारीक ठेवा.

पाकळीचा एकच साचा पत्रिकेतून कापा. रंगीत कापडाच्या उलट्या बाजूवर तो ठेवून आठ वेळा गिरवा, दोन पाकळ्यांत किमान अर्धा इंच जागा सोडून, आणि सगळीकडून पाव इंच माया, म्हणजे आत दुमडायला जादा कापड, ठेवून कापा. पाकळीचं टोक कापडाच्या तिरप्या धाग्यावर आलं तर कड सहज वळते.

अर्धा कप पाण्यात एक चहाचा चमचा मैदा कालवून, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा. थंड झालेली ही खळ जुन्या ब्रशने फक्त मायेवर लावा, साचा आत ठेवा, आधी टोकाची माया खाली दुमडा, मग दोन्ही बाजू, आणि इस्त्रीच्या टोकाने दाबा. मधल्या देठाकडची माया दुमडायची नाही, ती मधल्या गोलाखाली जाते. सुकल्यावर साचा अलगद काढा. टोकाशी कापडाचा ढीग होत असेल तर माया तिथे 3 मिलिमीटरपर्यंत कापा, त्याहून कमी नको.

मधल्या गोलासाठी बांगडी. 2.4 मापाच्या बांगडीचा आतला व्यास सव्वादोन इंच, म्हणजे 57 मिलिमीटर असतो, 2.6 चा 60 आणि 2.8 चा 63.5. मापातला दशांशानंतरचा आकडा इंचाचे सोळावे भाग दाखवतो. आपल्या कमळाला 2.4 बरोबर बसते, कारण पाकळ्या मध्यापासून 1 इंचावर सुरू होतात आणि गोल त्यांच्यावर अष्टमांश इंच चढतो. बांगडीच्या आतून पत्रिकेवर गोल गिरवून कापा. कापडाचा गोल पाव इंच मोठा घ्या. अॅल्युमिनियम फॉईलचा तुकडा, त्यावर कापड उलटं, त्यावर साचा ठेवून फॉईल सगळीकडून आत घट्ट दाबा आणि 10 सेकंद इस्त्री टेकवा. पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. गरम असताना उघडलं तर कड पुन्हा सुटते. याहून लहान गोलांना, कोयरीच्या डोळ्याला वगैरे, दहा रुपयांचं नाणं चालतं: व्यास 27 मिलिमीटर.

आधी एकाआड एक चार पाकळ्या, मग उरलेल्या चार, शेवटी गोल. बारीक हेमिंगचा टाका, इंचात दहा-बारा.

झूल आणि मखमल

झुलीचं कापड जाड, गडद आणि बऱ्याचदा केसाळ असतं. त्यावर साबण आणि पूड दोन्ही टिकत नाहीत. नक्षी पातळ पतंगी कागदावर काढा, कागद कापडावर टाचा आणि रेघेवरून उठून दिसणाऱ्या रंगाचा धावदोरा घाला, टाका 5-6 मिलिमीटर. मग कागद सुईच्या टोकाने ओरखडून, रेघेच्या दोन्ही बाजूंनी थोडा थोडा फाडून काढा. एकदम ओढला तर टाके वर येतात. काम झालं की हा कच्चा दोरा उसवायचा, डागाचा प्रश्नच नाही. जुन्या पैठणीच्या किंवा कुठल्याही रेशमी तुकड्यावरही हाच मार्ग. रेशमाला पाणी लावून रेघ घालवण्याची वेळच येऊ देऊ नका.

अक्षरं घालताना एक लक्षात ठेवा: मागच्या बाजूने उतरवलेली किंवा उलट्या बाजूवर गिरवून कापलेली अक्षरं सुलटी करताना उलटी होतात. नाव कागदावर लिहून तो कागद काचेवर पालथा करा आणि मागून दिसेल तसंच गिरवा.

रेघ घालवण्याचा क्रम

इस्त्री सगळ्यांत शेवटी. आधी कोरडा मऊ ब्रश. खडू, टाल्कम आणि पाटीवरची पेन्सिल बहुतेक इथेच जाते. मग गार साधं पाणी, पावडर न घालता. बाजारातलं पाण्याने पुसणारं निळं पेन वापरलं असेल तर हा टप्पा अजिबात चुकवू नका: साबण किंवा उष्णता आधी लागली तर ती रेघ पक्की होऊन बसते. असं पेन लावलेलं कापड मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हात पडू देऊ नका, तेवढी उष्णताही पुरते. इस्त्रीच्या उष्णतेने गायब होणारी पेनंही मिळतात. गडद कापडावर त्यांची फिकी पांढरी सावली मागे राहते, तिथे टाळाच.

गार पाण्यानंतर पावडरीचं पाणी, मग व्हिनेगरची बादली, मग सावलीत सुकवणं. वाळल्यावर उजेडाकडे तिरपं धरून पाहा आणि काही उरलं नसेल तरच इस्त्री करा.

शिसपेन्सिलीची रेघ हट्टाने राहिली तर मेडिकलमधून बिनरंगी सर्जिकल स्पिरिट आणा. तीन चमचे स्पिरिट, एक चमचा पाणी, भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब. रंगाची चाचणी आतल्या कडेला घ्या, मग मऊ टूथब्रशने रेघेच्या दिशेने हलके घासा, खाली पांढरं फडकं ठेवून. फडकं करडं होत गेलं की जागा बदलत राहा. खिडक्या उघड्या असू द्या आणि जवळ देवघरातली निरांजन पेटती नको. बॉलपेनची शाई यानेही पूर्ण जात नाही, पसरते. तिच्यावर ठिगळाची आणखी एक पाकळी बसवणं हाच उपाय.

खाका वापरून झाला की दोन्ही बाजू कोरड्या ब्रशने झाडा, भोकांत पूड राहिली तर पुढच्या वेळी उलट्या बाजूने ती दुसऱ्याच रंगाच्या कापडावर पडते. घडी घालू नका, घडीवरची भोकं फाटतात. गुंडाळी करून रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीत ठेवा आणि वर लिहा: कोणती नक्षी, किती इंच, मशीनने की हाताने.